सांगली स्टँडवरच्या कंट्रोलर साहेबांना

मा. वाहतूक नियंत्रक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजातल्या आम्हा शिक्षकांना तुम्ही एसटीच्या गावनिहाय फेऱ्यांचा तक्ता ओळीने समजावून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. मुलांची पार्श्वभूमी समजून शिकवा, असं आम्हाला सगळेच सांगतात. सुरुवात कुठून करायची, ते तुमच्या खिडकीशी कळलं.

सगळ्यात उपयोगी पडली ती पासची गोष्ट. विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. पण महिन्याचे पैसे एकरकमी. पास संपला आणि घरात पैसे नसले, की मुलाला पूर्ण तिकीट पडतं. मुलीला मार्च २०२३ पासून अर्धं. त्यामुळे एकाच गावच्या मुली वर्गात दिसतात आणि मुलं दोन-तीन दिवस गायब असतात, तेव्हा आधी पासची तारीख बघायची. हजेरीपटात नावापुढे ती तारीख पेन्सिलीने लिहिली, की रागवायच्या आधीच कारण समोर येतं. बोनाफाईडवर सही-शिक्का मिळायला आमच्याच ऑफिसात दोन दिवस लागले, तर त्या दोन दिवसांचं तिकीटही मुलाच्याच खिशातून जातं. पासचे कागद त्याच दिवशी सुटलेच पाहिजेत.

गाडीगाडीतला फरकही तुम्हीच दाखवलात. मुक्कामी गाडी पहाटे गावातून निघते. तिने येणारं पोर उपाशीपोटी, कॉलेज उघडायच्या आधीच स्टँडवर उतरतं. त्यानंतरची फेरी पहिला तास बुडवते. विनाथांबा गाडी मधल्या फाट्यावर थांबत नाही. सलगरे, आरग, बेडगकडच्या मुलांना उशीर का झाला, हे विचारण्याआधी ते कोणत्या गाडीने आले हे विचारावं. आषाढीला गाड्या पंढरपूरकडे वळतात, डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींना जातात आणि खेड्यांच्या फेऱ्या रद्द होतात. त्या दिवसांत सकाळी आठची चाचणी ठेवणं म्हणजे स्टँडजवळच्या मुलांना फुकटचे गुण वाटणं. अंतर्गत परीक्षा अकरा ते दोनमध्येच बसवावी. प्रात्यक्षिकांच्या बॅचही हजेरी क्रमांकाने न पाडता मार्गाप्रमाणे पाडाव्यात, म्हणजे संध्याकाळची शेवटची गाडी कुणाची चुकत नाही.

तक्त्यात न दिसणारं मात्र मुलांनाच विचारावं लागतं. तासगाव, मणेराजुरी, सावळजच्या घरांत ऑक्टोबरात द्राक्षबागेची फळछाटणी होते. पाठोपाठ फेलफुटी म्हणजे घड नसलेले फुटवे काढणं, विरळणी, आणि धुकं किंवा पाऊस पडला की डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने पहाटेच फवारणी. पंप धरायला घरातलं पोरच असतं. नेमक्या याच दिवसांत सत्र परीक्षा येते. जतच्या पूर्व भागातली मुलं हॉस्टेलवर राहतात, घरी कन्नड बोलतात; तोंडी परीक्षेत थांबत थांबत उत्तर देणाऱ्याला विषय येत नाही, असं ठरवू नये. त्याला आधी दोन मिनिटं लिहू द्यावं, मग बोलतं करावं.

म्हणून प्रवेशाच्या वेळीच एक साधं कार्ड भरून घ्यायचं: फाटा कोणता, घरापासून तिथवर किती चालायचं, येण्याची आणि शेवटची परतीची गाडी, घरची भाषा, सुगीच्या कामाचे महिने, मोबाईल स्वतःचा की घरात एकच. उत्पन्नाचा आकडा त्यात नको. तो शिष्यवृत्तीच्या अर्जात असतोच, आणि वर्गासमोर विचारला तर मूल मिटून जातं. कार्ड वर्गशिक्षकाकडेच राहावं आणि दिवाळीनंतर पुन्हा तपासावं, कारण तोवर कुणी खोली घेतलेली असते, कुणाचं काम बदललेलं असतं.

फेरीची वेळ बदलून हवी असेल तर नुसतं निवेदन देऊ नका, थांबानिहाय पासधारकांची संख्या आणि कॉलेज सुटण्याची वेळ लिहून प्राचार्यांच्या सहीने आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्या, हा तुमचा सल्ला आता कार्डांमुळे अमलात आणता येतो. सलगरे मार्गाचा अर्ज तयार आहे. शनिवारी तुमची ड्युटी असेल तर आकडे एकदा नजरेखालून घालावेत, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
सांगलीतील एका महाविद्यालयाचे शिक्षक