मा. रस्ते वाहतूक मंत्री साहेब, जखमी माणसानं हात बरा करायचा की पुरावे गोळा करत फिरायचं?

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा विमा कंपनीचा माणूस घरी आला होता. चहा घेतला, हाताची चौकशी केली आणि पिशवीतनं एक छापील कागद काढला, म्हणला सही करा, आठ दिवसात खात्यावर पैसे पडतील, कोर्टात गेलात तर पाच-सहा वर्षं नुसत्या तारखा. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की ही रक्कम पूर्ण आणि अंतिम, यापुढं कसलाही दावा करणार नाही. रक्कम एवढी की ऑपरेशनचं बिलसुद्धा निघत नाही. उजव्या हातानं सही येत नाही म्हणल्यावर त्यानं लगेच अंगठ्यासाठी शाईचा पॅड काढला. तो पॅड बघून डोकं फिरलं साहेब, म्हणून हे पत्र.

मी सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. होतो म्हणा. गेल्या दिवाळीच्या तोंडावर कामावरनं घरी जाताना विजापूर रोडला सैफुलजवळ उलट्या बाजूनं आलेल्या कारनं उडवलं. उजवं मनगट आणि कोपर दोन्ही गेलं, आत प्लेट आहे. कापडाचे थर एकावर एक लावून, खडूनं मार्का मारून, मशीन त्या रेषेवरनं सरळ न्यायची हे माझं काम, मनगट जरा हललं की सगळा गठ्ठा वाया. आता मला शर्टाची बटणं लावता येत नाहीत, बायको लावते. पोरगा बारावीला आहे, त्याचा क्लास बंद केला. कारखान्यात पगार आठवड्याला रोख मिळायचा, पगाराची स्लिप कधी बघितली नाही, आणि आता सगळे विचारतात उत्पन्नाचा पुरावा काय.

तुमच्या सरकारनं ५ मे २०२५ ला कॅशलेस योजना काढली, अपघातानंतर सात दिवस, दीड लाखापर्यंत उपचार. ज्या हॉस्पिटलात मला नेलं तिथं काउंटरवर माझ्या भावानं योजनेचं नाव काढलं तर ती बाई म्हणली आमच्याकडं असलं काही नाही, आधी डिपॉझिट भरा. बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलं त्या रात्री. मग योजना कुणासाठी काढली ओ?

आणि पोलिसांचं तर काय सांगू. १ एप्रिल २०२२ पासून तुमच्याच मंत्रालयाचे नियम आहेत, ४८ तासात पहिला अपघात अहवाल अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला, दहा दिवसात जखमीला त्याचे हक्क लिहिलेला फॉर्म, ९० दिवसात सविस्तर अहवाल. मला तो हक्काचा फॉर्म आजतागायत मिळालेला नाही. ठाण्यात भाऊ गेला की 'साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या की.' पंचनाम्याची नक्कल मागितली तर झेरॉक्स मशीन बंद. हेल्मेट नसलं तर फोटोसकट चलन मोबाईलवर येतं, सावळेश्वरच्या टोलनाक्यावर गाडी थांबायच्या आत फास्टॅगमधनं पैसे कापले जातात, मग आमच्याकडनं घ्यायच्या वेळी एवढी जलद चालणारी यंत्रणा आम्हाला द्यायच्या वेळी कुठं जाते?

वर दावा लावायला अपघातापासून सहा महिन्याची मुदत. १९९४ साली दाव्याची मुदत काढून टाकली होती, ती मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत तुम्ही परत आणली. प्लास्टर निघायला, दुसरं ऑपरेशन व्हायला, अपंगत्वाचा दाखला मिळायला किती दिवस लागतात याची कुणी चौकशी केली का? नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला अंतरिम आदेश द्यावा लागला की उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर गरिबानं किती दिवस बसायचं, आणि हा आदेश सोलापूरच्या जनरल वॉर्डात पडलेल्या माणसाला सांगणार कोण? त्याच्या खाटेजवळ पहिल्यांदा एजंट पोचतो, कोऱ्या कागदावर सह्या घेतो.

२०२३ साली देशात रस्त्यावर १ लाख ७२ हजारांवर माणसं मेली, जखमी साडेचार लाखांच्या वर. तासाला वीसेक मुडदे. उद्घाटनाच्या भाषणात किलोमीटर सांगता, हे पण सांगत जा. शहरातनं जाणारी जड वाहनं, उलट्या बाजूनं घुसणाऱ्या गाड्या, बंद पडलेले दिवे, सगळं आम्ही अंगावर घ्यायचं आणि नंतर आम्हीच सिद्ध करायचं की आम्हाला लागलंय!

हे वाचणाऱ्या सोलापूरकरांना पण सांगतो, पूर्ण आणि अंतिम लिहिलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही-अंगठा करू नका. हॉस्पिटलात एमएलसी, म्हणजे पोलिस केसची नोंद, झाली का बघा, बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या, एक्सरे, डिस्चार्ज कार्ड मूळ प्रती स्वतःकडं ठेवा, मालकाकडनं पगाराचं पत्र लगेच घ्या, नंतर मालक पण फोन उचलत नाही. दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो, अपघात परजिल्ह्यात झाला तरी. आणि दाखल्यावर हाताचं अपंगत्व चाळीस टक्के लिहिलंय म्हणून कमाई चाळीस टक्केच गेली असं धरत नाहीत, काम कसलं होतं ते बघायचं असं सुप्रीम कोर्टानं २०१० सालीच सांगितलंय. कटिंग मास्तरचा उजवा हात गेला म्हणजे काय गेलं ते आता मी न्यायाधिकरणापुढं सांगणार आहे.

साहेब, मला सांत्वन नको. हक्काचा फॉर्म जखमीच्या हातात मराठीत द्यायला लावा, जे ठाणं ९० दिवसात अहवाल देत नाही तिथल्या अधिकाऱ्यावर कारवाई करा, कॅशलेस नाकारणाऱ्या हॉस्पिटलला दंड करा आणि ती सहा महिन्याची अट कायद्यातनंच काढा. आणि या पत्राला 'योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग' असं उत्तर पाठवू नका, तसं वर्ग झालेलं पत्र दिल्लीवरनं मुंबई, मुंबईवरनं सोलापूर करत शेवटी त्याच ठाण्यात त्याच टेबलावर येऊन पडतं.

आपला,
एक कटिंग मास्तर, सोलापूर
(पत्र मी सांगितलं, पोरानं टाईप केलं)