देवघेव विभागातल्या ताईंना

ताई,
स. न.

तुमचं नाव इथे लिहिलं तर तुम्ही संकोचाल, म्हणून दादरच्या ग्रंथालयातल्या ताई, एवढंच म्हणतो. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

निवृत्तीनंतर आमचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. सौ.ची नोकरी अजून चालू आहे, बीकेसीहून घरी पोचेस्तोवर तिला आठ वाजतात. वरण-भात, खिचडी आणि बटाट्याची भाजी यांवर बरेच दिवस निभावलं. मग जेवताना समोरचे चेहरे बघवेनात, आणि मी कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ मागायला तुमच्याकडे आलो. ती बाहेर गेलेली होती. १९७० साली निघालेल्या पुस्तकासाठी अजून नंबर लावावा लागतो म्हणजे कमाल आहे!

तुम्ही माझ्या पिशवीकडे बघितलंत. अळूची जुडी वर आली होती. "अळूच करताय ना?" म्हणालात आणि एका भाजीसाठी तीन पुस्तकं काढून दिलीत. मला वाटलं, थट्टा करताय.

घरी ओट्यावर तिन्ही उघडी ठेवली. एकात चणाडाळ, शेंगदाणे, मुळा आणि चिंच-गूळ. दुसऱ्यात ताक आणि वर बेसन. तिसऱ्यात आंबट चुका. बाकी सगळं बदललं तरी आंबट कुणीच सोडलेलं नव्हतं. पुढच्या खेपेला तुम्हाला कारण विचारलं, तर तुम्ही वनस्पतींवरचं पुस्तक पुढे केलंत. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात म्हणून खवखवतं. त्यावर तोड म्हणजे पानं भरपूर शिजवायची आणि आंबट घालायचं. हे कळल्यावर माझी भीड चेपली. चुका मिळाला नाही, कोकमं टाकली. मोबाइलवर एक जण एकच रीत ठासून सांगतो, त्यात ही मोकळीक नाही. (सौ.चं मत वेगळं आहे. ते इथे नको.)

आणि तो संदर्भ विभाग! लक्ष्मीबाई धुरंधरांचं १९१० सालचं ‘गृहिणी-मित्र’ घरी नेता येत नाही, म्हणून तुम्ही मला अभ्यासिकेत पंख्याखाली जागा करून दिलीत. डावीकडे एमपीएससी, उजवीकडे एमपीएससी, मधे मी वहीत पाककृती उतरवतोय. जुन्या मापांपाशी अडलो तेव्हा तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, हे तुम्हीच चिठ्ठीवर लिहून दिलंत. शेजारच्या पोराने विचारलं, "काका, तुमची कुठली परीक्षा?" मी उत्तर शोधतोय तोवर तुम्ही जाता जाता म्हणालात, "त्यांची रोज रात्री आठला असते."

ताई, मनापासून आभार. एक तक्रारही आहे. पाककृतींची पुस्तकं अगदी खालच्या फळीवर का? ती वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांचे गुडघे माझ्यासारखेच आहेत. जमलं तर दोन फळ्या वर घ्या.

१ जूनला यांत्रिक बोटी बंद झाल्या, ताजी मासळी आता परवडायची नाही. सुकट, जवळा, सुके बोंबील यांवर काही असेल तर शनिवारपर्यंत बाजूला काढून ठेवाल का?

आपला,
अभ्यासिकेतला काका