मिनर्व्हाच्या बॅटरीवाल्या काकांना

काका नमस्कार,

तुमचं नाव माहीत नाही म्हणून नुसतंच काका. ४५ वर्षं तरी उशीर झालाय, पण थँक्यू राहूनच गेलं होतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं मिनर्व्हा थेटर, साल १९७७, मी दुसरीत. शोले १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तो तिथे पाच वर्षं हललाच नाही, त्यामुळे आमच्या चाळीतल्या सगळ्यांचा बघून झाला होता आणि मीच एकटा राहिलो होतो, शेवटी मामा घेऊन गेला. सत्तर एमेमचा तो एवढा मोठा पडदा आणि स्टिरिओ साउंड, पहिल्यांदाच बघत होतो. नाणं पडल्याचा खण्णकन आवाज आला तेव्हा मी चक्क खुर्चीखाली वाकून बघितलं. हसू नका, मोठी माणसंपण वाकायची म्हणे.

तर इंटरव्हलला मामा वेफर्सच्या लायनीत उभा आणि मी त्याला न सांगताच खाली गेलो, काचेच्या शोकेसमधले सिनेमाचे फोटो बघायला. (तेव्हा आम्हाला त्या फोटोंचं भयंकर वेड, तिकिटाला पैसे नसले तरी फोटो फुकट बघता यायचे ना.) तेवढ्यात बेल झाली, सगळे पळाले तसा मीपण पळालो आणि समोर दिसलं त्या दारातून आत. आत मिट्ट काळोख. मामा नाही, आमची रांग नाही, काहीच ओळखीचं नाही. मी भोकाड पसरलं.

तुम्ही आलात. ओरडला नाहीत की तिकीटपण मागितलं नाहीत, ते मामाच्या खिशात होतं. खाली बसून हळूच विचारलंत, "पडदा बघायला मान वर करत होतास की खाली बघत होतास?" मी म्हटलं खाली. "मग पुढे माणसाचं डोकं दिसायचं का कठडा?" कठडा. "बाल्कनी, पहिली रांग. चल." एवढंच! दोन प्रश्नांत पत्ता काढलात काका, मला मात्र अख्ख्या थेटरात मामा सापडत नव्हता.

जिना चढताना बॅटरी तुम्ही स्वतःसाठी नाही धरलीत, हात मागे करून माझ्या पायाजवळच्या पायरीवर उजेड पाडत होतात आणि स्वतः अंधारात चढत होतात. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, खूप नंतर माझ्या मुलीला मल्टिप्लेक्समध्ये मोबाइलचा टॉर्च लावून नेताना एकदम आठवलं.

मामाने आधी धपाटा घातला मग वेफर्स दिले. तुम्हाला काही बोलावं म्हणून मागे वळून बघितलं तर तुम्ही कधीच खाली गेला होतात. तुमचा चेहरा मला आठवतच नाही, कारण तो दिसलाच नव्हता, पूर्ण वेळ बॅटरीच्या पलीकडे होतात. करड्या पँटची मोरी आणि झिजलेली कोल्हापुरी चप्पल, तेवढी आठवते.