शाळेतल्या ऑनलाइन अरबी वर्गाला हातभार लावा

सलाम आणि नमस्कार मंडळी,

गावातले, मुंबईतले आणि कुवेत, कतार, दुबईला असलेले आपले सगळे गाववाले, प्लीज हे पूर्ण वाचा.

संस्कृत, पालीसारखी अरबीसुद्धा आपल्या बोर्डाच्या दहावीला भाषा म्हणून घेता येते, बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं. आपल्या शाळेत मुलं तयार आहेत पण अरबीचा शिक्षक इथे कोकणात येऊन राहायला तयार होत नाही, म्हणून शाळा कमिटीने ऑनलाइन वर्ग चालू केलाय. सर मुंबईहून गूगल मीटवर शिकवतात आणि गृहपाठ गूगल क्लासरूमवर देतात. मुलं वहीत लिहून फोटो टाकतात, सर त्या फोटोवरच लाल रंगाने खुणा करून परत पाठवतात. हे फार कामाचं आहे, कारण अरबीत अक्षरं २८च असली तरी शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी त्यांचं रूप बदलतं, आणि त्यातली सहा तर पुढच्या अक्षराला जोडलीच जात नाहीत. उर्दू शाळेतून आलेल्या मुलांना लिपी ओळखीची असते, मराठी माध्यमातली मुलं मात्र उजवीकडून डावीकडे लिहायलाच पहिल्यापासून शिकतायत, आणि मनापासून शिकतायत.

खरी अडचण आवाजाची आहे. सीन आणि साद, काफ आणि काफचा घशातला भाऊ क़ाफ, ऐन, दोन वेगवेगळे ह, या अक्षरांचे उच्चार कानाने ऐकूनच येतात. एका मोबाईलभोवती पाच-सहा मुलं बसली की स्पीकरमधून सगळं सारखंच ऐकू येतं आणि मुलाचा उच्चार सरांपर्यंत धड पोचत नाही. पावसाळ्यात लाईट गेली की राउटर बंद, तास तिथेच संपतो.

म्हणून सगळ्यात आधी माइकवाले हेडफोन पाहिजेत, साधे वायरचे चालतील. मग राउटर आणि टीव्ही चालेल एवढा इन्व्हर्टर, वर्गासाठी एक मोठा टीव्ही (जेर-जबरच्या, म्हणजे स्वरांच्या, बारीक खुणा मोबाईलवर दिसत नाहीत हो), वर्षभराचं इंटरनेट आणि सरांचं मानधन. क्लासरूम शाळांना फुकट आहे, त्याचा खर्च नाही. घरात पडून असलेले चालू अँड्रॉइड फोन पण द्या, फक्त तुमचं अकाउंट काढून, रिसेट करून, चार्जरसकट द्या.

आणि पैशाइतकीच दुसरी एक मदत हवीय. आखातात वर्षानुवर्षं राहून तुमच्यापैकी कितीतरी जण फाडफाड अरबी बोलतात, त्यांनी आठवड्यातून अर्धा तास मीटवर येऊन मुलांशी फक्त गप्पा मारा. पुस्तकातली अरबी आणि बाजारातली वेगळी असते, ते ठाऊक आहे, पण मुलांची भीड मोडेल. यासाठी वेळ शाळा ठरवेल आणि तासाला एक शिक्षक हजर असेल.

देणगी शाळेच्या ऑफिसात किंवा शाळेच्या खात्यावरच द्या, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर पाठवू नका. पावती प्रत्येकाला मिळेल आणि जमाखर्च पालकसभेत वाचून दाखवू. वस्तू मुंबईहून पाठवायच्या असतील तर आधी ऑफिसात कळवा, गावी येणाऱ्या कुणासोबत तरी आणायची सोय करू.