शोकसभेच्या दाराशी उभ्या राहिलेल्या अनोळखी व्यक्तीस

सप्रेम नमस्कार.

दाराशी कुणीतरी हवं, असं म्हणताच तुम्ही पुढे झालात, म्हणून हे पत्र. शोकसभांची व्यवस्था पाहणाऱ्या आम्हा मंडळींना ठाऊक आहे की या जागेवर बहुतेक जण नुसते हात जोडून उभे राहतात. तुम्ही मात्र तिथलं खरं काम केलंत.

अनोळखी माणसं जमली की सगळ्यात जास्त त्रास देणारा प्रश्न असतो, 'ओळखलंत का मला?' विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण ज्याचा रात्रभर डोळा लागलेला नाही, त्याची ती परीक्षाच होते. तुम्ही प्रत्येकाला दारातच हळू विचारलंत, 'आपला त्यांच्याशी परिचय कुठला?' आणि आत गेल्यावर तेवढंच सांगायला सुचवलंत. 'मी अमुक, त्यांच्या ऑफिसात होतो.' नाव आणि संबंध सांगायचा, उत्तराची वाट न पाहता पुढे सरकायचं. शंभर माणसं दोन-दोन मिनिटं थांबली तर घरच्यांना तीन तासांहून जास्त वेळ उभं राहावं लागतं. अर्धा मिनिट धरला तर पन्नास मिनिटांत रांग सरते. हा हिशेब शोकात कुणी करत नाही. दाराशी असलेल्याने करावा लागतो.

दुसरा प्रश्न, 'कसं काय झालं हो?' तुम्ही आधीच घरच्यांपैकी एकाला बाजूला घेऊन विचारून ठेवलं होतं, की काय सांगायचं आणि कुठे थांबायचं. मग तीच दोन वाक्यं सगळ्यांना. कुणी जास्त खोदलं तर 'मला एवढंच ठाऊक आहे' म्हणून विषय संपवलात. त्यामुळे आतल्यांना ती हकीकत पुन्हापुन्हा सांगावी लागली नाही. यासाठी तर विशेष आभार.

'सुटले बिचारे', 'वय झालंच होतं', 'आता रडायचं नाही' ही वाक्यं दाराशी कितीही सांभाळलं तरी आत पोहोचतातच. त्यातलं पहिलं आम्हाला सर्वांत वाईट वाटतं. ते म्हणायचा अधिकार उशाशी बसून सेवा केलेल्याचा, बाहेरच्याचा नाही. काही सुचत नसेल तर 'फार वाईट वाटलं' पुरतं. तेही जमत नसेल तर नमस्कार करावा.

एकटे आलेले लोक भिंतीला चिकटून उभे राहतात आणि फोन काढतात, हे नेहमीचंच. तुम्ही अशा दोघांना शेजारी बसवून 'हे पण त्यांच्या शाळेतले' एवढं सांगून निघून गेलात. पुढचं त्यांचं त्यांनी पाहिलं. मागच्या रांगेत थोडं हसू आलं तेव्हा त्यांना दटावलं नाहीत, तेही बरं केलंत. गेलेल्या माणसाच्या आठवणीने आलेलं हसू चालतं. जागेचे भाव आणि धंद्याची कार्डं चालत नाहीत, मग ती कितीही कुजबुजत निघोत.

फोनचं सांगायचं तर, व्हायब्रेटवर ठेवलेला फोन लाकडी बाकावर घंटीइतकाच वाजतो. तुम्ही पूर्ण बंद करायला सांगत होतात, ते बरोबर. फोटो काढू पाहणाऱ्यासमोर नुसते येऊन उभे राहिलात आणि 'घरच्यांना विचारलंय ना?' म्हणालात. तेवढ्यावर फोन खिशात गेला.

कुणी रडत असलं की अनोळखी लोक पाठ थोपटायला धावतात. सगळ्यांना परक्याचा स्पर्श सोसत नाही. पाण्याचा पेला शेजारी ठेवून दोन पावलं मागे होणं, हे आम्ही नव्या स्वयंसेवकांना परत परत सांगतो. तुम्हाला सांगावं लागलं नाही.

आणि ती वही! नाव आणि फोन नंबर सगळेच लिहून घेतात. तुम्ही 'संबंध' असा तिसरा रकाना आखलात, नाहीतर महिन्याभराने नुसत्या नावांवरून घरच्यांना काहीच उमगत नाही. पेनं दोन ठेवलीत, कारण एकाच पेनापाशी रांग अडते. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना तुम्ही चौथ्या रकान्यात नेमकं काय जमेल ते लिहायला लावलंत. कुणी बँकेच्या कागदांसाठी सोबत यायचं कबूल केलं, कुणी मुलांना शाळेत सोडायचं. घरच्यांनी त्या यादीतून पहिला फोन बँकेच्या कामासाठी लावला आहे.

आपले,
शोकसभेची व्यवस्था पाहणारे