आता सोडून काय उपयोग?

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, साठीशांतीच्या दिवशी मागच्या अंगणात तुम्ही काकांना म्हणालात, "इतकी वर्षं सिगारेट ओढली, आता सोडून काय उपयोग?" फोनवर हा विषय निघाला की आपलं भांडण होतं, म्हणून लिहितेय.

सध्या माझी ड्युटी सीटी स्कॅनच्या ट्रकवर आहे. इथे मँचेस्टरला तो सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येच उभा करतात. 55 ते 74 वयाच्या, कधीकाळी सिगारेट ओढलेल्या लोकांची फुप्फुसं तपासायची. आजोबा बटाट्याची पिशवी कोपऱ्यात ठेवून टेबलावर आडवे होतात आणि न विचारता सांगतात, "मी केव्हाच सोडली हं!"

1948 साली इथले, म्हणजे ब्रिटनमधले, शंभरातले 65 पुरुष सिगारेट ओढायचे. 1950 मध्ये डॉल आणि हिल या इथल्या दोन संशोधकांनी तिचा फुप्फुसाच्या कॅन्सरशी संबंध दाखवला. (डॉलना आधी संशय होता रस्त्याच्या डांबराचा. आकडे बघितले आणि स्वतःच सिगारेट सोडली!) पुरुष हळूहळू सोडत गेले, पण कॅन्सरचं प्रमाण उतरायला लागलं ते 1970 च्या दशकात. बायकांनी सिगारेट उशिरा हातात धरली, त्यामुळे त्यांचं पुढेही कितीतरी वर्षं चढतच राहिलं. आमच्या ट्रकवर आज्याही काही कमी येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग माझं व्हायचं ते झालंच की. तसं नाही. 2000 साली इथल्या पुरुषांचा हिशोब मांडला गेला. ओढतच राहिलेल्याला पंच्याहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका शंभरात 16. साठीला सोडली तर 10, पन्नाशीला 6, तिशीला 2. शेवटचा आकडा दादाला मोठ्याने वाचून दाखवा. गच्चीवर तो काय करतो ते आईलाही माहीत आहे.

आणि "बारावरून चारवर आलोय" हे कौतुक मला सांगू नका. दिवसाला किती यापेक्षा किती वर्षं, हे जास्त नडतं. 'लाइट' सिगारेटही तशीच, माणूस झुरका खोल ओढतो.

तलफ येणार, चिडचिड होणार, पहिले काही आठवडे आईला सोसावं लागेल. डॉक्टरांना निकोटिनच्या गमबद्दल विचारा. पाकिटावर त्या चित्राखाली सोडण्यासाठीचा फोन नंबर छापलेला असतो, 1800-11-2356. फुकट आहे, लावा.

आई, तुझ्या मशेरीचं रविवारी बोलू.

तुमची,
ताई