एकाच रेषेचा माग

संपादक महोदय,

वाय गुणसूत्राच्या चाचणीतून ‘घराण्याचा मूळ पुरुष’ सापडतो, असे सांगणारा लेख रविवारच्या अंकात वाचला. विषय रंजक आहे, दावा मात्र ताणलेला वाटला.

हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसेच्या तसे जाते, त्यामुळे पितृवंशाच्या शाखा त्यावरून लावता येतात, हे खरे. पण दहा पिढ्या मागे गेलो, तर त्या पायरीवर पूर्वजांच्या १०२४ जागा असतात. ही चाचणी त्यांतल्या एकाचाच माग काढते. वडिलांच्या आईचे वडील, म्हणजे अगदी जवळचे पणजोबाही तिला दिसत नाहीत!

शिवाय त्या एका रेषेवरही ती नाव सांगत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचा पुरुषवंश चालला नाही, म्हणून १९९८ मध्ये त्यांच्या काकांच्या वंशजांचे नमुने तपासले गेले. जेफरसन यांच्याकडे गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्या धाकट्या मुलाच्या वंशजाशी ते जुळले. चाचणीने सिद्ध झाले ते इतकेच, की मुलाचा पिता जेफरसन घराण्यातला पुरुष होता. तो थॉमसच, या निष्कर्षासाठी त्यांच्या मुक्कामाच्या नोंदी आणि हेमिंग्ज कुटुंबातील आठवणींचा आधार घ्यावा लागला.

लेखात अशा कागदपत्रांचा उल्लेख एका ओळीतही नाही. जुळणी किती खुणांवर, म्हणजे गुणसूत्रावरच्या तपासलेल्या ठरावीक जागांवर, झाली, हेही दिलेले नाही. बारा खुणा जुळल्या म्हणून कोणी लगेच भाऊबंद ठरत नाही.

– एक वाचक